सखल कोपऱ्यातले टॅमरॅक : प्रकल्प नोंदी, २०२४–२५

१७ मार्च २०२४

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस शहराच्या पश्चिमेकडील उपनगरात आमचे घर आहे. मागच्या आवाराचा उत्तरेकडचा कोपरा सर्वांत सखल असल्यामुळे बर्फ वितळू लागले की शेजारच्या घरांचेही पाणी तिथेच उतरते. एप्रिल संपेपर्यंत त्या जागेत बूट रुततात आणि पेरलेली हिरवळ जुलैपर्यंत टिकत नाही. पूर्वीच्या मालकांनी तिथे कोलोरॅडो ब्लू स्प्रूस लावला होता. रॉकी पर्वतांच्या कोरड्या हवेतले ते झाड मिनेसोटाच्या दमट उन्हाळ्यात रायझोस्फेरा नावाच्या बुरशीला सहज बळी पडते. आमच्याही झाडाच्या फांद्या खालून वर वाळत गेल्या आणि मागच्या वर्षी ते काढावे लागले.

आता त्या जागी काय लावायचे, याचा विचार या हिवाळ्यात आम्ही घरात सगळ्यांनी मिळून केला. तिथे सूचिपर्णी झाडच हवे होते, पण ते इथल्या मातीतले असावे, त्याला ओल सोसावी आणि उणे तीसच्या थंडीतही ते निर्धास्त उभे राहावे, या अटी होत्या. त्या सगळ्या पूर्ण करणारे एक झाड इथून थोड्याच अंतरावरच्या दलदलीत हजारो वर्षांपासून वाढते आहे, ते म्हणजे टॅमरॅक, शास्त्रीय नाव लॅरिक्स लॅरिसिना. लार्च गटातले हे झाड सूचिपर्णी असूनही पानझडी आहे. ऑक्टोबरमध्ये त्याच्या सुया सोनेरी होतात, नंतर सगळ्या गळून पडतात आणि वसंतात नव्या येतात.

टॅमरॅकचा पसारा न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरपासून संपूर्ण कॅनडा ओलांडून अलास्काच्या अंतर्भागापर्यंत आहे. प्रॉस्पेक्ट क्रीक येथे २३ जानेवारी १९७१ रोजी पारा उणे ६२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, आणि ते ठिकाणही अलास्काच्या याच अंतर्भागात आहे. त्या मानाने आमची थंडी काहीच नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये झाडांच्या थंडी सोसण्याच्या क्षमतेनुसार विभागांचा नवा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात आमचा परिसर ‘४ ब’ मधून ‘५ अ’ मध्ये, म्हणजे थोड्या उबदार विभागात गेला आहे. टॅमरॅकचा विचार करताना खरी काळजी याच बदलाची आहे. थंडीने हे झाड मरणार नाही, पण उन्हाळ्याची झळ आणि मुळांशी पडणारा कोरडेपणा त्याला सोसत नाही, आणि आताचा हिवाळा तर इथल्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला आहे. त्यामुळे या नोंदवहीत थंडीपेक्षा पाण्याबद्दल अधिक लिहावे लागेल, असे आत्ताच दिसते आहे.

२४ मार्च २०२४

आज जागेची परीक्षा केली. कोपऱ्यात ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरला. संध्याकाळपर्यंत पाणी जेमतेम चार बोटे खाली गेले होते, म्हणजे निचरा अगदीच मंद आहे. बहुतेक झाडांसाठी ही जागा बाद ठरली असती. टॅमरॅकसाठी ती चालण्यासारखी आहे, मात्र याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. टॅमरॅक दलदलीत वाढतो तो दलदल त्याला सर्वांत अधिक मानवते म्हणून नव्हे. त्याला भरपूर ऊन लागते, सावली अजिबात चालत नाही, आणि चांगल्या जमिनीवर इतर झाडे त्याला सावलीत दडपून टाकतात. दलदलीतल्या आम्लधर्मी, निकस, थंड मातीत त्या झाडांचा निभाव लागत नाही, म्हणून तिथे त्याला उघडे आकाश मिळते. ओलसर पण थोडाफार निचरा होणाऱ्या मातीत तो दलदलीपेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. आमच्या कोपऱ्यात दुपारभर ऊन असते आणि घराची सावली तिथवर पोचत नाही, ही जमेची बाजू आहे.

माती परीक्षणाचा अहवालही आला आहे. माती चिकण-पोयट्याची असून सामू ६.७ आहे. टॅमरॅकला आम्लधर्मी माती आवडते हे खरे असले, तरी चुनखडीच्या पाण्यावर पोसलेल्या पाणथळीतही तो निसर्गतः वाढतो, त्यामुळे गंधक टाकून सामू खाली आणण्याची गरज मला वाटत नाही. खड्ड्यात पीट मॉस, म्हणजे दलदलीतल्या शेवाळाचा भुसभुशीत भुसा, मिसळण्याचा सल्ला अनेक जण देतात. तोही मी बाजूला ठेवला आहे, कारण चिकण मातीत भुसभुशीत मिश्रणाचा खड्डा केला की पाणी त्यातच साचून राहते आणि मुळेही त्या खड्ड्याबाहेर जायला उत्सुक नसतात.

२१ एप्रिल २०२४

खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवणे बंधनकारक आहे आणि जमिनीखालच्या तारा-नळांच्या जागा दाखवणारी ही सेवा विनामूल्य आहे. माणसे येऊन हिरवळीवर रंगीत झेंड्या लावून गेली : वायूसाठी पिवळ्या, विजेसाठी लाल, दूरसंचाराच्या तारांसाठी नारिंगी. कोपरा मोकळा आहे. गॅरेजशेजारच्या उताराच्या कडेने मात्र नारिंगी झेंड्यांची रांग गेली आहे, तेव्हा तिथला खड्डा दोन मीटर अलीकडे सरकवला.

उतारावर दुसरे रोप लावायचे आम्ही मुद्दाम ठरवले आहे. एक रोप सखल कोपऱ्यात आणि एक गॅरेजजवळच्या उंच, कोरड्या, डांबरी वाटेची धग लागणाऱ्या जागेत. रोपे एकाच वयाची आणि एकाच वाफ्यातली, फक्त जागा वेगळ्या. यापुढे नोंदींत त्यांना ‘खालचा’ आणि ‘वरचा’ म्हणेन.

२७ एप्रिल २०२४

आज लागवड झाली. रोपे जिल्ह्याच्या मृद व जलसंधारण विभागाच्या वासंतिक विक्रीतून आगाऊ नोंदणी करून घेतली होती. ती कुंडीतली नसून उघड्या मुळांची असतात. शीतगृहात ठेवलेली असल्यामुळे बाहेर गवत हिरवे झाले तरी ती अजून झोपेतच होती, आणि हे फार महत्त्वाचे आहे. लार्चला पालवी इतर झाडांच्या आधी फुटते. एकदा सुया बाहेर आल्या की उघड्या मुळांचे रोप त्या पानांना पाणी पुरवू शकत नाही. म्हणून टॅमरॅकचे असे रोप कळ्या मिटलेल्या असतानाच जमिनीत जायला हवे.

रोपे साधारण ४५ सेंटिमीटर उंच आणि पेन्सिलीहून बारीक खोडाची होती. विकत घेताना पाटीवर फक्त ‘लार्च’ असे न पाहता पूर्ण शास्त्रीय नाव पाहावे, हे मी आवर्जून सांगेन, कारण रोपवाटिकांमध्ये युरोपीय लार्च आणि जपानी लार्चही सर्रास मिळतात. ती झाडेही देखणी असतात आणि थंडी सोसतात. पण आपल्याला इथलेच झाड हवे असेल तर लॅरिक्स लॅरिसिना असेच लिहिलेले असले पाहिजे. मोठ्या झाडांत फरक ओळखायला शंकू पुरतात. टॅमरॅकचे शंकू साऱ्या लार्चमध्ये लहान, एक ते दोन सेंटिमीटरचे असतात, तर युरोपीय लार्चचे त्याच्या दुपटीच्या आसपास.

पुडके उघडल्यापासून मुळे पाण्याच्या बादलीत ठेवली आणि एकेक रोप थेट बादलीतून खड्ड्यात नेले. केसांइतकी बारीक मुळे उन्हात आणि वाऱ्यात काही मिनिटांतच वाळतात. खालच्या रोपासाठी खड्ड्याऐवजी आधी १५ सेंटिमीटर उंचीचा रुंद उंचवटा केला आणि त्याच्या माथ्यावर रोप बसवले. पाणी भरले तरी खोडाचा बुंधा वर राहावा, मुळांनी मात्र हवे तितके खाली जावे, असा हेतू आहे. खोड जिथे रुंदावून मूळ सुरू होते ती रेषा मातीच्या पातळीवर ठेवली. खत घातले नाही. पहिल्या वर्षी झाडाने मुळे धरावीत, शेंड्याची घाई करू नये. दोन्ही रोपांभोवती मीटरभर व्यासाचे गवत काढून लाकडाच्या भुग्याचे आठ सेंटिमीटर जाड आच्छादन दिले. ते खोडापासून थोडे दूर ठेवले आहे.

१८ मे २०२४

दोन्ही रोपे फुटली. भिंग घेऊन बराच वेळ खालच्या रोपाशी बसले होते. गेल्या वर्षीच्या काडीवर दर बोटभर अंतरावर तपकिरी, बसके, मण्यांसारखे उंचवटे आहेत. ही खुरटी फांदी. ती दर वर्षी मिलिमीटरभरच वाढते आणि तिच्या टोकातून दहा ते वीस सुयांचा झुबका एकाच वेळी बाहेर पडतो. झुबका उलगडताना मधल्या सुया अजून एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि कडेच्या बाहेर झुकलेल्या. त्यांचा रंग निळसर झाक असलेला कोवळा हिरवा असतो. हात लावला तर पाइनच्या सुईसारखी टोच लागत नाही, बोटाखाली त्या मऊ वाकतात. शेंड्याची नवी काडी मात्र लांब फांदी आहे आणि तिच्यावर सुया झुबक्यांनी न येता एकेक, गोल जिन्यासारख्या चढत गेल्या आहेत. एकाच झाडावर पानांची ही दोन मांडणी असतात आणि दोघींची कामे वेगळी असतात. झुबक्यांच्या सुया पहिल्याच उबेत तयार होऊन अन्न बनवू लागतात आणि त्या अन्नावर लांब फांद्या उन्हाळाभर पुढे सरकत राहतात.

२९ जून २०२४

महिनाभर पाऊस कोसळतो आहे. दक्षिण मिनेसोटात पूर आले असून सोमवारी, २४ जूनला, मँकेटोजवळच्या रॅपिडन धरणाच्या कडेने ब्लू अर्थ नदीने वाट काढली. आमच्या कोपऱ्यात आठवडाभर घोट्याएवढे पाणी होते. उंचवट्याच्या चारही बाजूंनी पाणी आणि मध्ये खालचा टॅमरॅक उभा, पण त्याच्या एकाही सुईचा रंग बदललेला नाही. पाण्यात बुडालेल्या मातीत प्राणवायू संपतो आणि बहुतेक झाडांची मुळे गुदमरतात. टॅमरॅक अशा वेळी खोडाच्या वरच्या बाजूला, हवेजवळच्या थरात नवी मुळे काढू शकतो. दलदलीत शेवाळाचा थर दर वर्षी चढत जातो आणि त्याबरोबर हे झाडही मुळांचे नवे मजले वर वर बांधत जाते. तरी कायम तुंबलेले पाणी त्यालाही मारते. रस्ता किंवा बांध घातल्यामुळे दलदलीतला प्रवाह अडला की टॅमरॅकची राने उभीच वाळतात. म्हणून कुंपणाखालची चर मोकळी केली. पाणी रेंगाळायला हरकत नाही, पण ते पुढे सरकत राहायला हवे.

वरचा टॅमरॅकही मजेत आहे. या पावसात दोन्ही जागांत काही फरक दिसत नाही.

५ ऑक्टोबर २०२४

जूनच्या अगदी उलट चित्र आहे. या भागात नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत कोरडा सप्टेंबर नुकताच संपला आणि सोबत ऊनही ऑगस्टसारखे होते.

साताऱ्याहून माझे वडील महिनाभरासाठी आले आहेत. कृषी खात्यात त्यांची हयात गेली. मी त्यांना टॅमरॅकच्या थंडी सोसण्याबद्दल उत्साहाने सांगत होते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “थंडीचं ठीक आहे गं, पण याला पाणी किती लागतं आणि कोण घालतं, ते सांग.” मग दोन्ही रोपांच्या बुंध्याशी बसून त्यांनी आच्छादन बाजूला केले, वीतभर खालची माती काढून मुठीत दाबली आणि उघडून पाहिली. खालच्या जागेतल्या मातीचा गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर तो फुटला. “इथे वाफसा आहे,” ते म्हणाले. वरच्या जागेतली माती मुठीतून पिठासारखी सांडली.

रोपांवरही तेच लिहिलेले आहे. खालचा टॅमरॅक पूर्ण हिरवा आहे. वरच्याच्या आतल्या, खोडाजवळच्या सुया सप्टेंबरच्या मध्यावरच पिवळ्या पडून झडू लागल्या. तो शरदातला सोनेरी पिवळा नाही. तो फिकट, टोकांशी करपलेला पिवळा आहे आणि हा फरक एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही. टॅमरॅकची मुळे उथळ आणि आडवी पसरणारी असतात. वरचा थर सुकला की खोलवरच्या ओलाव्यापर्यंत पोचायला त्याच्याकडे सोटमूळ नसते.

वडिलांनी वरच्या रोपाला आळे करून दिले. रोज शिंपडण्याऐवजी आठवड्यातून एकदा, पण माती वीतभर खोल भिजेल इतके पाणी सावकाश सोडायचे आणि आच्छादन पूर्ववत करायचे, असे ठरले. त्यांचे म्हणणे असे की पहिली तीन वर्षे पाण्याची जबाबदारी माणसाची आणि त्यानंतर जागेची. मला हे पूर्ण पटले. जमीन गोठेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, हे पाणी चालू ठेवायचे आहे.

१९ ऑक्टोबर २०२४

खालचा टॅमरॅक सोनेरी झाला. गुडघ्याएवढे रोप, पण दुपारच्या तिरप्या उन्हात ते घराच्या खिडकीतून ओळखू येते.

मोठी झाडे वडिलांना दाखवायची म्हणून आम्ही थिओडोर वर्थ पार्कमधल्या ‘क्वेकिंग बॉग’ला गेलो. ही सुमारे दोन हेक्टरांची आम्लधर्मी दलदल आहे. स्फॅग्नम शेवाळाचा तरंगता थर, त्यावर लाकडी पायवाट आणि दोन्ही बाजूंना सरळसोट, सडपातळ टॅमरॅक. पायवाटेवर सुयांचा पिवळा सडा पडला होता. खाली ऊन पोचते इतकी या झाडांची सावली विरळ असते, आणि घराच्या आवारातही हा मोठा गुण आहे, कारण स्प्रूसखाली काहीच उगवत नाही, तर टॅमरॅकखाली फर्न, ब्लूबेरी आणि रानफुले सुखाने राहतात.

सूचिपर्णी झाडाने पाने झाडावीत हे वडिलांना सुरुवातीला चमत्कारिक वाटले. पण विदर्भातला साग कोरड्या दिवसांत पाने का टाकतो याचा विचार केला तर उत्तर तेच येते. पान म्हणजे पाणी उडून जाण्याची वाट. सागाला फाल्गुन-चैत्रात जमिनीत पाणी नसते म्हणून ती वाट बंद करावी लागते. टॅमरॅकच्या पायाशी पाणी भरपूर असते, पण ते पाच महिने गोठलेले असते आणि गोठलेले पाणी मुळांना घेता येत नाही. वर कोरडा, बोचरा वारा सुरूच असतो. स्प्रूस आणि पाइन मेणाच्या जाड थराने व कडक सुयांनी हे संकट निभावतात. टॅमरॅक सुयाच सोडून देतो, आणि दर वर्षी नव्या करायच्या असल्यामुळे त्या पातळ, मऊ व कमी खर्चाच्या बनवतो. टाकण्यापूर्वी तो त्यांतील हरितद्रव्य मोडून नत्राचा मोठा भाग खोडात परत घेतो. मागे उरलेली पिवळी रंगद्रव्ये तेवढी आपल्याला दिसतात. निकस दलदलीत नत्राची ही काटकसर नसती तर दर वर्षी नवी पालवी त्याला परवडली नसती.

भारतातही लार्च आहे. सिक्कीम आणि भूतानच्या उंच डोंगरांत लॅरिक्स ग्रिफिथी वाढतो आणि तोही शरदात असाच पिवळा होतो. महाराष्ट्रात मात्र लार्च लावण्याच्या फंदात कोणी पडू नये. त्याला लांब, कडक हिवाळ्याची झोप लागते आणि ती महाबळेश्वरलाही मिळणार नाही.

३ नोव्हेंबर २०२४

सुया पूर्ण गळल्या. आता दोन्ही रोपे म्हणजे उभ्या काड्या दिसतात. पहिल्या हिवाळ्यात टॅमरॅक मेला असे समजून तो उपटून टाकला जाण्याचे प्रकार इथे खरोखर घडतात, आणि बर्फ काढणाऱ्या यंत्राच्या चालकाला तर ही काडी दिसणारही नाही. म्हणून दोन्ही ठिकाणी उंच खुणेच्या काठ्या रोवून नावाची पाटी बांधली.

खरा धोका सशांचा आहे. बर्फ पडले की त्यांना खाली काही मिळत नाही आणि बर्फाच्या थरावर उभे राहून ते शेंडाही गाठतात. जस्ताच्या बारीक जाळीचे मीटरभर उंचीचे पिंजरे केले आणि उंदीर-घुशींनी खालून शिरू नये म्हणून त्यांचा तळ मातीत पाच सेंटिमीटर दाबला. झाडे मोठी झाली की हरणांची पाळी येईल. नर हरणे शरदात शिंगे घासायला असल्याच लवचिक, मनगटाएवढ्या खोडांची निवड करतात. उत्तरेच्या रानांत साळिंदर टॅमरॅकची साल सोलून आतला गर खातात. आमच्या उपनगरात साळिंदर दिसत नाही.

२२ जानेवारी २०२५

या आठवड्यात पारा उणे २० अंशांच्या बराच खाली गेला आणि जमिनीवर बर्फ जवळपास नाही. लोकांना कडक थंडीची काळजी वाटते, मला बर्फाच्या अभावाची वाटते. टॅमरॅकचे खोड आणि कळ्या याहून दुप्पट थंडी सोसतात. शरदात दिवस लहान होऊ लागताच त्यांच्या पेशी पाणी हळूहळू पेशींबाहेर सोडतात. बर्फ पेशींच्या मधल्या जागेत तयार होतो आणि आतला घट्ट, साखरयुक्त द्रव गोठत नाही. पण मुळांमध्ये ही क्षमता खोडाइतकी नसते. निसर्गात त्यांच्यावर शेवाळ आणि बर्फाची जाड दुलई असते. आमच्याकडे यंदा ते काम लाकडाच्या भुग्यावर आले आहे. वाफ्यांतला वाळका पाला गोळा करून पिंजऱ्यांच्या आत आणखी एक थर दिला.

२६ एप्रिल २०२५

दोन्ही रोपे जिवंत आहेत. खालच्यावर झुबके उघडले आहेत आणि या वेळी ते संख्येने पुष्कळ आहेत, कारण गेल्या वर्षीच्या प्रत्येक लांब काडीवर आता खुरट्या फांद्या तयार झाल्या आहेत. वरच्याचा शेंडा वरून बोटभर वाळला आहे. नखाने साल खरवडली तेव्हा त्याखालून हिरवा थर लागला, म्हणून वाळलेला भाग कळीच्या थोडा वर कापला. थंडीने शेंडा मेला असे कोणी म्हणेल, पण मला ते मान्य नाही. सप्टेंबरमध्ये तहानलेले झाड थंडीची तयारी पुरी करू शकत नाही, आणि जानेवारीत दिसणाऱ्या इजेचे कारण अनेकदा मागच्या उन्हाळ्यात असते.

१२ जुलै २०२५

खालच्या टॅमरॅकच्या दोन नव्या काड्या आकड्यासारख्या वळलेल्या दिसल्या. पाणी कमी पडल्याची ही खूण नव्हे, कारण शेजारच्या काड्या ताठ होत्या. वळलेल्या काडीच्या आतल्या बाजूला भिंगातून बारीक चिरांची ओळ दिसली. लार्च सॉफ्लाय या माशीची मादी कोवळ्या काडीच्या एकाच बाजूला चिरा पाडून त्यांत अंडी घालते. त्या बाजूची वाढ खुंटते, दुसरी बाजू वाढत राहते आणि काडी वळते. काही वेळाने अळ्याही सापडल्या. त्या करड्या-हिरव्या आणि काळ्या डोक्याच्या असून एका फांदीवर दाटीने बसून खुरट्या फांद्यांचे झुबके बुंध्यापर्यंत खात होत्या.

एवढ्या लहान झाडावर त्या हाताने वेचणे हाच उत्तम उपाय आहे. फांदीखाली साबणाच्या पाण्याची बादली धरून त्या झटकल्या. सेंद्रिय बागकामात अळ्यांसाठी वापरली जाणारी बॅसिलस थुरिंजिएन्सिसची नेहमीची फवारणी इथे उपयोगाची नाही, कारण ती पतंग आणि फुलपाखरांच्या अळ्यांवर चालते. सॉफ्लाय ही मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या गणातली आहे. खाऊन पुष्ट झालेल्या अळ्या खाली उतरून पालापाचोळ्यात कोश करतात, म्हणून आच्छादनाचा वरचा थर शरदात बदलायचा आहे.

या किडीने उत्तर अमेरिकेत एके काळी टॅमरॅकची प्रचंड राने उजाड केली होती. न्यूफाउंडलंड बेटावर तर तिचे कोश खाण्यासाठी १९५८ मध्ये मुख्य भूमीवरून चिचुंद्रीची एक जात मुद्दाम आणून सोडण्यात आली. टॅमरॅक वाचतो तो दर वर्षी नवी पाने करण्याच्या सवयीमुळे. एका उन्हाळ्यात सगळ्या सुया गेल्या तरी निरोगी झाड पुन्हा फुटते, स्प्रूसला ते साधत नाही. मात्र ओळीने काही वर्षे असेच झाले तर त्याचीही शिदोरी संपते.

१३ सप्टेंबर २०२५

शेजारच्या आजोबांनी त्यांच्या आवारासाठी मी टॅमरॅक सुचवीन का, असे विचारले. त्यांचे आवार टेकडीवर, वाळूमिश्रित मातीचे आणि दक्षिणेच्या उन्हाला सामोरे आहे. मी नको म्हणाले आणि त्यांना बर ओक सुचवला. इथलेच झाड असणे पुरेसे नाही, ते या राज्यातल्या नेमक्या कोणत्या जमिनीवरचे आहे हेही पाहायला हवे.

बोलता बोलता ईस्टर्न लार्च बीटलचा विषय निघाला. हा भुंगेरा इथलाच आहे, नवा आलेला नाही. पूर्वी तो दुबळी झाडे तेवढी मारत असे. पण २००१ पासून उत्तर मिनेसोटात त्याचा जो उद्रेक सुरू झाला तो थांबलेला नाही आणि लाखो एकर टॅमरॅक त्यात सापडले आहेत. मिनेसोटा विद्यापीठातल्या अभ्यासातून पुढे आलेले कारण असे की उन्हाळा लांबल्यामुळे भुंगेऱ्याची वर्षातली दुसरी वीणही हिवाळ्यापूर्वी पूर्ण वाढू लागली आहे. आमच्या रोपांना आज त्याचा धोका नाही, कारण तो जाड खोडाची झाडे निवडतो. वीस वर्षांनी असेल. तोवर झाड तहानलेले राहणार नाही आणि त्याची साल कुठे दुखावणार नाही, एवढे आपल्या हाती आहे. दमदार झाड भोक पाडणाऱ्या भुंगेऱ्याला राळेत बुडवून बाहेर ढकलते.

२५ ऑक्टोबर २०२५

वर्षाची मापे घेतली. खालचा टॅमरॅक १०४ सेंटिमीटर झाला असून यंदाची शेंड्याची वाढ ४१ सेंटिमीटर आहे. वरचा ५८ सेंटिमीटरवर आहे. उन्हाळाभर त्याला दर आठवड्याला पाणी घातले, खालच्याला जुलैनंतर एकदाही घालावे लागले नाही. खालचा आज पूर्ण सोनेरी आहे, वरच्याच्या सुया महिन्याच्या सुरुवातीलाच गळून गेल्या.

तुलना पुरेशी झाली आहे आणि वरच्या रोपाला त्या जागी आणखी उन्हाळे काढायला लावण्यात अर्थ नाही. पुढच्या एप्रिलमध्ये जमीन सैल होताच, कळ्या फुटण्यापूर्वी, त्याला मुळांच्या रुंद गोळ्यासह काढून खालच्यापासून सहा मीटरवर, चरीच्या काठी हलवायचे. तेवढे अंतर हवेच, कारण पूर्ण वाढीला दोघांचे घेर पाच-सहा मीटरपर्यंत जातील आणि एकमेकांची सावली त्यांना चालणार नाही. नवा उंचवटा याच आठवड्यात करून ठेवते, म्हणजे हिवाळ्यात माती बसेल. ८११ ला कळवायचे मार्चअखेर.